पाच जणांचा फुटबॉल: बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना नियम कसे शिकवावेत

विशेष शाळेच्या किंवा कार्यशाळेच्या मैदानावर फुटबॉल सुरू होतो तेव्हा पहिला महिनाभर नियमांकडे कानाडोळा करायची सर्रास पद्धत आहे. "आधी पळू तर दे, नियम नंतर बघू." चेंडू रेषेबाहेर गेला तरी खेळ चालू, हात लागला तरी चालू, गोलकीपर चेंडू कवटाळून मधल्या रेषेपर्यंत आला तरी टाळ्या. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या बाबतीत ही ढिलाई महागात पडते. त्यांच्या मनात पहिल्यांदा जे बसतं ते पक्कं बसतं, आणि ते पुसून नवीन शिकवायला मूळ शिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून एका वेळी एकच नियम घ्या, पण जो घ्याल तो सामन्यात असतो तसाच्या तसा घ्या.

त्यासाठी आपण कोणता खेळ शिकवतोय हे आधी ठरवावं लागतं. १९६८ साली शिकागोत पहिल्या स्पर्धा भरवणाऱ्या स्पेशल ऑलिम्पिक्स चळवळीत फुटबॉलचे बरेच प्रकार आहेत: वैयक्तिक कौशल्य स्पर्धा, पाच जणांचा, सात जणांचा आणि अकरा जणांचा संघ, फुटसाल (सभागृहात खेळायचा लहान फुटबॉल), आणि दिव्यांग-अदिव्यांग खेळाडू एकत्र खेळतात ते युनिफाइड प्रकार. प्रत्येकाचे नियम थोडे थोडे वेगळे. नव्या संघाने पाच जणांपासूनच सुरुवात करावी. मैदान लहान असतं, ऑफसाइड (समोरच्या गोलाजवळ बचाव करणाऱ्यांच्या पुढे जाऊन पास घेण्यावरची बंदी) नसतो, चेंडू प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पुढचं सगळं याच प्रकाराला धरून आहे.

मैदान आणि साहित्य

पाच जणांच्या खेळासाठी मैदान कमीत कमी ४० बाय ३० मीटर आणि जास्तीत जास्त ५० बाय ३५ मीटर असतं. नवशिक्यांना लहानच द्या. ४० बाय ३०चा एक फायदा आखणीतही आहे: चारही कोपरे काटकोनात असतील तर कर्ण बरोबर ५० मीटर येतो. दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही ५० भरले की मैदान सरळ आहे. फक्कीची रेषा चार बोटं तरी रुंद मारा आणि दर सरावाआधी पुन्हा गडद करा. अर्धवट पुसलेल्या रेषेवर "बाहेर" शिकवता येत नाही. चुनकळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो.

गोल ४ मीटर रुंद, २ मीटर उंच. हलवता येणारे लोखंडी गोल मागच्या बाजूला वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवा. आडव्या दांडीला लोंबकळायचा मोह बऱ्याच जणांना होतो आणि गोल अंगावर पडून गंभीर दुखापत होऊ शकते. ८ ते १२ वयोगटाला ४ नंबरचा चेंडू, त्यावरच्यांना ५ नंबरचा. सुरुवातीच्या सरावात हवा किंचित कमी ठेवली तर चेंडू पायाखालून निसटत नाही, पण सामन्याच्या आधीचे काही सराव पूर्ण हवेच्या चेंडूवर व्हायलाच हवेत, नाहीतर स्पर्धेत प्रत्येक पास लांब जातो.

बिब्स (संघ ओळखायला शर्टावर घालायची बिनबाह्यांची बनियनं) दोन ठळक रंगांचे घ्या, नारिंगी आणि निळा चालतो. लाल आणि मरून ही जोडी धावपळीत ओळखू येत नाही आणि हिरवा गवतात मिसळतो. स्वमग्नता असलेल्या काही खेळाडूंना नायलॉनचा स्पर्श सहन होत नाही. अशांना त्याच रंगाचा सुती टी-शर्ट द्या. बिब काढून टाकणं हा प्रत्येक वेळी हट्ट नसतो.

सरावाआधीची वैद्यकीय नोंद

नोंदणी अर्जाबरोबर डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म लागतोच. तो फाइलमध्ये न ठेवता त्यातली कामाची माहिती एका कार्डावर उतरवून मैदानावर आणा: फिट येतात का, कोणती औषधं कधी, हृदयाचा आजार, चष्मा, श्रवणयंत्र, घरचा फोन नंबर.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चाल बदलणं, हातापायांत अशक्तपणा येणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही नव्याने दिसलं तर सराव ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा उतरवू नका. पाच जणांच्या खेळात चेंडू बहुतेक जमिनीवरच असतो, त्यामुळे हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) शिकवण्याची घाई कुणासाठीच करू नये असं आमचं मत आहे.

फिट आली तर आधी घड्याळ बघा. आजूबाजूची जागा मोकळी करा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा. दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ला फोन. काही औषधांमुळे शरीराला उन्हाचा त्रास लवकर होतो. मार्च ते मे सराव सकाळी नऊच्या आत संपवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला लावा. "तहान लागली की सांग" यावर विसंबू नका.

सांगायचं कमी, उभं करायचं जास्त

"समजलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर नेहमी "हो" येतं. त्याऐवजी "दाखव" म्हणा.

प्रत्येक नियम याच क्रमाने जातो. प्रशिक्षक स्वतः करून दाखवतो. मग खेळाडूला त्या जागी नेऊन त्याच्याबरोबर करतो. हाताला धरावं लागलं तर आधी विचारून. पुढे फक्त बोटाने खूण, मग फक्त शब्द, आणि शेवटी काहीच नाही. पाय चुकला की लगेच हात धरायची सवय लागली तर खेळाडू कायम त्या हाताची वाट बघत राहतो. खूण केल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. तेवढा वेळ पुष्कळांना लागतो, आणि बहुतेक प्रशिक्षक दोनलाच दुसरी सूचना देऊन पहिली पुसून टाकतात.

शब्द ठरवून घ्या आणि सगळ्या मदतनीसांनी तेच वापरा: थांब, बाहेर, आपला, त्यांचा, मागे. आपल्याकडे "आऊट" शब्द टाळलेला बरा. क्रिकेट बघितलेला खेळाडू "आऊट" ऐकून मैदान सोडून तंबूकडे चालू लागतो. चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक किंवा मदतनीस असावा, पण सामन्यात सूचना देणारा आवाज एकच. आणि खेळाडू पंचविशीचा असेल तर त्याच्याशी पंचविशीच्या माणसासारखं बोला. बाळबोध लाडिक सूर अनेकांना आवडत नाही आणि ते खेळातून अंग काढून घेतात.

एका तासाचा सराव साधारण असा: दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंधरा मिनिटं चेंडूचं कौशल्य, पंधरा मिनिटं आजचा एक नियम, पंधरा मिनिटं छोटा सामना, शेवटी पाच मिनिटं शांत चालणं. सामन्यात फक्त आजचा नियम चुकला तरच खेळ थांबवून समजवा. बाकीच्या चुकांवर शिट्टी वाजते, खेळ नियमानुसार पुढे जातो, व्याख्यान नाही.

नियम १: शिट्टी

सगळ्यात आधी हाच. प्रत्येकाकडे एक चेंडू, सगळे सावकाश चालत चेंडू नेताहेत. शिट्टी वाजली की चेंडूवर पायाचा तळवा आणि उभं राहायचं. शिट्टीबरोबर हात सरळ वर करा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही कळतं. लागोपाठ दोन सरावांत दहापैकी आठ वेळा सगळे थांबले की पुढे जा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. शिट्टीच्या कर्कश आवाजाने कुणी कान झाकून खाली बसतो. अशा खेळाडूसाठी शिट्टी लांबून, हळू वाजवत दर सरावाला थोडी जवळ आणा. शिट्टी पूर्ण बंद करणं हा उपाय नाही, कारण सामन्यात पंच वाजवणारच. दुसरं म्हणजे प्रशिक्षक शिट्टी कशासाठीही वाजवतो: जमा व्हा, पाणी प्या, गप्प बसा. मग शिट्टीला अर्थ उरत नाही. जमवण्यासाठी टाळी वापरा, शिट्टी फक्त खेळ थांबवण्या-सुरू करण्यासाठी.

नियम २: आपला गोल कोणता

स्वतःच्याच गोलात चेंडू मारण्याचे प्रसंग बहुतेक मध्यांतरानंतर घडतात. सामना १५ मिनिटांच्या दोन भागांचा असतो, मधे ५ मिनिटं विश्रांती, आणि मग बाजू बदलतात. "वडाच्या झाडाकडे मार" असं शिकवलेला खेळाडू उत्तरार्धातही वडाकडेच मारणार, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे.

म्हणून दिशा झाडाशी किंवा इमारतीशी बांधू नका, गोलकीपरशी बांधा. "आपला गोलकीपर उभा आहे तो आपला गोल. दुसऱ्या गोलकीपरकडे मारायचं." गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतोच, त्याचा उपयोग करून घ्या. सरावसामन्यात दर पाच मिनिटांनी बाजू बदला. बदलल्यावर प्रत्येक खेळाडूने जाऊन आपल्या गोलकीपरला टाळी द्यायची आणि मग आपल्या जागेवर यायचं. ही टाळी स्पर्धेतही ठेवा, अर्धं मिनिट लागतं.

नियम ३: रेषा

पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच तो बाहेर, मग जमिनीवरून जावो की हवेतून. गोललाही हेच लागू: गोलाच्या दोन खांबांमधून पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडून गेला पाहिजे. शिकवायला चार चेंडू घ्या. एक रेषेच्या आत, एक रेषेवर मधोमध, एक बाहेर पण कडा रेषेवर आलेली, एक पूर्ण बाहेर. खेळाडूंना रेषेच्या टोकाला उकिडवं बसवून प्रत्येक चेंडूबद्दल "आत की बाहेर" विचारा. तिसऱ्या चेंडूवर जवळजवळ सगळे चुकतात, त्यावर वेळ घालवा.

पण चेंडू बाहेर गेला की नाही हे ठरवणं पंचाचं काम. त्यामुळे खेळाडूला जोडीला हेही पक्कं हवं: शिट्टी किंवा पंचाची खूण होईपर्यंत खेळत राहायचं. हे न शिकवल्यास रेषा नीट शिकलेला हुशार खेळाडूच चेंडू रेषेवर आल्याबरोबर उभा राहतो आणि समोरचा संघ गोल करून मोकळा होतो.

नियम ४: हात

"हात लावायचा नाही" एवढंच सांगितलं की काही खेळाडू दोन्ही हात पाठीमागे बांधून धावतात, तोल जाऊन तोंडावर पडतात. म्हणा, "चेंडू पायाने खेळायचा, हात पळायला." मुद्दाम हाताने खेळणं किंवा हात पसरून चेंडू अडवणं हा गुन्हा; अंगाजवळच्या हातावर जवळून येऊन आदळलेला प्रत्येक चेंडू गुन्हा धरला जात नाही.

गोलकीपर फक्त आपल्या पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलासमोर आखलेल्या भागात, हात वापरू शकतो. नवशिक्या संघात सगळ्यांना पाळीपाळीने गोलकीपर करायची हौस असते; न्याय्य वाटलं तरी सुरुवातीचे दोन महिने ते करू नका. काल गोलात उभा राहिलेला खेळाडू आज मधल्या फळीत चेंडू झेलतो. दोघांनाच गोलकीपर ठरवा. हातमोजे घातले तर हात चालतो, काढले तर नाही, ही खूण लवकर बसते. क्षेत्राची रेषा सुरुवातीला पडलेल्या दोरीने दाखवा. दोरीला पाय लागला की गोलकीपरला कळतं, चेंडू आता हातात घ्यायचा नाही.

नियम ५: किक-इन

बाजूच्या रेषेवरून चेंडू गेला तर पाच जणांच्या खेळात थ्रो नसतो, पायाने आत मारायचा असतो. शेवटी ज्याला लागला त्याच्या विरुद्ध संघाला मिळतो. टप्पे चारच:

१. चेंडू रेषेवर ठेवा.
२. सोडा, तो पूर्ण स्थिर होऊ द्या.
३. मान वर करून आपल्या रंगाचा खेळाडू शोधा.
४. त्याच्याकडे मारा आणि मैदानात या.

समोरच्या संघाने ५ मीटर लांब उभं राहायचं. किक-इनवरून थेट गोल धरत नाहीत. मारणाऱ्याला दुसऱ्या कुणाला चेंडू लागेपर्यंत पुन्हा स्पर्श करता येत नाही, आणि नेमकी हीच चूक सर्वात जास्त होते: खेळाडू चेंडू ठेवतो आणि स्वतःच घेऊन पळत सुटतो. उपाय म्हणजे जोड्या ठरवणं. उजव्या बाजूला मारणारा अमुक, घेणारा तमुक. घेणाऱ्याने हात वर करून जागा दाखवायची, हात दिसला तरच मारायचं. चौथा टप्पा आधी शिकवा, मग तिसरा-चौथा, असं उलट्या क्रमाने गेलं तर प्रत्येक प्रयत्नाचा शेवट यशस्वी पासने होतो आणि उत्साह टिकतो.

हेच खेळाडू पुढे अकरा जणांच्या खेळात गेले तर थ्रो शिकवावा लागेल: दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात, डोक्यामागून डोक्यावरून. तो दुसऱ्या, मोठ्या मैदानावरच शिकवा. एकाच मैदानावर दोन्ही शिकवले की दोन्हींची सरमिसळ होते.

नियम ६: फाउल, फ्री किक आणि बाकीच्या सुरुवाती

ढकलणं, पाय घालून पाडणं, धरणं, लाथ मारणं हे फाउल. यादी पाठ करून घेऊ नका. दोन मदतनीसांनी प्रत्येक प्रकार सावकाश करून दाखवावा, खेळाडूंनी बघून हात वर करावा. खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी झगडणं चालतं, हेही दाखवा, कारण फाउलचा धडा झाल्यावर काही जण समोरच्याजवळ जायलाच घाबरतात. घसरून टॅकल करणं (घसरत जाऊन पायाने चेंडू काढून घेणं) सरावात पूर्ण बंद ठेवा. खेळ चालू असताना प्रतिस्पर्ध्याला मिठी मारणाऱ्या खेळाडूला ओरडू नका. त्याला मिठीची जागा द्या, गोल झाल्यावर किंवा सामना संपल्यावर.

फाउल झाला की समोरच्या संघाला तिथूनच स्थिर चेंडूवर मारायला मिळते ती फ्री किक. तिला प्रतिस्पर्धी ५ मीटर लांब. "पाच मोठी पावलं" हा हिशेब उंचीनुसार बदलतो. ५ मीटरची दोरी कापून ठेवा, एक टोक चेंडूपाशी, दुसऱ्या टोकाशी खेळाडूला उभं करा. पुरेसा सराव झाला की अंतर डोळ्यात बसतं. मग दोरी काढा. किक-इनला आणि कॉर्नरलाही (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) हेच अंतर लागतं, त्यामुळे एक दोरी तीन नियम शिकवून जाते.

गोलरेषेवरून चेंडू गेला तर शेवटी कुणाला लागला ते बघायचं. आक्रमकाला लागला असेल तर चेंडू बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरला, बचाव करणाऱ्याला लागला असेल तर कॉर्नर. मधल्या किक-ऑफला प्रत्येक संघ आपापल्या अर्ध्यात, आणि चेंडू कुठल्याही दिशेला मारता येतो, मागेसुद्धा. पेनल्टीला (पेनल्टी क्षेत्रात बचाव करणाऱ्याने फाउल केल्यावर गोलकीपरसमोर मिळणारी किक) मारणारा आणि गोलकीपर सोडून बाकी सगळे चेंडूच्या मागे. पिवळं (ताकीद) आणि लाल (मैदानाबाहेर) कार्ड सरावात एकदोनदा दाखवून ठेवा. पहिल्यांदाच सामन्यात बघितलं तर कुणी बक्षीस समजून हात पुढे करतो, कुणी रडत मैदान सोडतो.

बदली खेळाडू

नियम सोपा आहे: कितीही वेळा बदल करता येतो, बाहेर गेलेला परत येऊ शकतो, चेंडू खेळात नसताना आणि पंचाच्या संमतीने. अडचण भावनेची असते. बाहेर बोलावलं म्हणजे शिक्षा, असं बहुतेकांना वाटतं. सरावात दर चार-पाच मिनिटांनी प्रत्येकाला, सर्वोत्तम खेळाडूलाही, बाहेर काढा. ठरलेला क्रम ठेवा: आत जाणाऱ्याला टाळी, ठरलेली खुर्ची, पाण्याची बाटली, आणि हातात एक काम, जसं आपल्या संघाचे गोल पाटीवर मांडणं. चूक झाल्याबरोबर कधीच बदल करू नका. चुकीनंतर दोन मिनिटं थांबा, मग करा.

युनिफाइड संघ असेल तर

पाच जणांच्या युनिफाइड सामन्यात मैदानावर तीन दिव्यांग खेळाडू आणि दोन अदिव्यांग जोडीदार असतात. बदल करताना हे प्रमाण मोडलं तर सामना हातचा जाऊ शकतो, म्हणून बदल नेहमी खेळाडूच्या जागी खेळाडू, जोडीदाराच्या जागी जोडीदार. जोडीदार साधारण त्याच वयाचा आणि त्याच ताकदीचा निवडा. जिल्हा संघात खेळणारा मुलगा जोडीदार म्हणून आणला की तो सगळे चेंडू स्वतः घेतो आणि तिघे दिव्यांग खेळाडू प्रेक्षक होतात.

स्पर्धेच्या दिवशी

सुरुवातीला संघांचे छोटे सामने घेऊन खेळाची पातळी ठरवली जाते आणि समान ताकदीचे संघ एका गटात येतात. सोपा गट मिळावा म्हणून चांगल्या खेळाडूला बाहेर बसवण्याची युक्ती काही जण सुचवतात. प्रत्येक सामन्यात पूर्ण ताकदीने खेळण्याचा नियम आहे आणि तो मोडल्यास संघ बाद होऊ शकतो. शिवाय "आज हळू खेळ, उद्या जोरात" ही सूचना आपल्या खेळाडूला कशी द्यायची, याचाही विचार करा.

पंच स्थानिक फुटबॉल संघटनेतून आले असतील तर त्यांना अकरा जणांच्या खेळाची सवय असते. सामन्याआधी पाच मिनिटं मागून घ्या आणि या गोष्टी स्पष्ट करा: ऑफसाइड नाही, थ्रोऐवजी किक-इन, अंतर ५ मीटर, शिट्टीबरोबर हाताची खूण मोठी आणि सावकाश. कोणाला फिट येतात, कोणाला ऐकू कमी येतं, तेही सांगा. सूट मात्र मागू नका. पंचाने दयेपोटी हाताने खेळलेला चेंडू सोडून दिला, तर दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात तोच खेळाडू पुन्हा हात वापरेल आणि शिट्टी वाजल्यावर त्याला काय चुकलं ते कळणार नाही.

शाळेच्या अंगणात पक्के झालेले नियम अनोळखी मैदानावर विसरले जातात, हे गृहीत धरा. महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या चेंडूने, दुसऱ्या कुणाच्या शिट्टीवर सराव घ्या. स्पर्धेच्या मैदानावर तासभर आधी पोहोचा, संघाला रेषेवरून एक पूर्ण फेरी चालवा, गोलकीपरला त्याच्या क्षेत्राची रेषा पायाने चाचपू द्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक किक-इन मारून घ्या.